निळी टिक आणि हात जोडलेले इमोजी

संपादक महोदय,

सोशल मीडियामुळे लांबची माणसं जवळ आली हे खरंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपली बोलायची पद्धतच बदललीय त्याचं काय? व्हॉट्सॲपने २०१४ मध्ये निळी टिक आणली आणि तेव्हापासून मेसेज वाचला की लगेच उत्तर दिलंच पाहिजे असं होऊन बसलंय, समोरचा आजारी असेल, कामात असेल किंवा काय लिहावं याचा नुसता विचार करत असेल हे कुणी धरतच नाही, "बघून पण रिप्लाय नाही" म्हणून सख्खे मित्र अबोला धरतात. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करता येते (ग्रुपमध्ये तेही नाही), पण बंद केली की लोक विचारतात, काय लपवतोयस?

सगळ्यात जास्त लागतं ते दुःखाच्या बातमीचं. ग्रुपवर कुणी वडील गेल्याचं कळवतं, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते, निम्मे लोक वरचाच मेसेज कॉपी करून टाकतात आणि मध्येच एकजण गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल पाठवतो! तो मेसेज त्या घरातली माणसं पण वाचत असतात हो.

२०२० मध्ये व्हॉट्सॲपने खूप वेळा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवायची मर्यादा घातली ते चांगलंच केलं. आता ग्रुप ॲडमिन मंडळींनी एवढं करावं, अशी बातमी आली की त्या दिवशी बाकीचे फॉरवर्ड थांबवायला सांगावं, आणि जवळच्यांनी तरी सरळ फोन लावावा.

– एक वाचक