पाय नको बघूस, खांदे बघ

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत परदेशी नृत्यांवरचा लेख वाचला. इथिओपियन परंपरेतून आलेल्या समकालीन नृत्याचा निकाल त्यात दोन ओळींत लावला आहे: ढोल नाही, पांढरे कपडे नाहीत, म्हणजे परंपरा नावापुरतीच. हे काही पटलं नाही.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, आजोळ रेवदंड्याचं. मावशी इस्रायलमध्ये लोदला असते. मावसबहिणीच्या मेंदीला शेजारची इथिओपियन आजी आली होती. आमची मराठी गाणी चालू, तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तरी ती उठली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि जागच्या जागी उभी राहिली. मी आपली तिच्या पावलांकडे बघतेय. मावशी कानाशी पुटपुटली, "पाय नको बघूस, खांदे बघ." खांदे आधी वर-खाली, मग पुढे-मागे, आणि बघता बघता इतके जलद थरथरायला लागले की पातळ पांढऱ्या शालीची किनार नीट दिसेना. मध्येच मान झटकन पुढे. तोंडाने 'हस्स, हस्स' असा श्वास, तोच तिचा ताल. अम्हारी भाषेत याला एस्किस्ता म्हणतात.

हे इथिओपियन यहुदी इस्रायलमध्ये कसे आले हे लेखात असायला हवं होतं. १९८४-८५ मध्ये सुदानपर्यंत पायी, वाटेत हजारो दगावले. मे १९९१ मध्ये तर सुमारे ३६ तासांत चौदा हजारांहून जास्त माणसं विमानांनी आणली. जागा करण्यासाठी विमानांतल्या खुर्च्याही काढल्या होत्या. सामान मागे राहिलं. खांदे तेवढे बरोबर आले. (इस्रायलच्या यहुदी धर्मपीठाने त्यांच्या यहुदी असण्यावर शंका घेतली म्हणून १९८५ मध्ये ते जेरुसलेमला धरणं धरून बसले. साठच्या दशकात आमच्या लोकांनाही तेच करावं लागलं होतं. मावशीचं आणि त्या आजीचं जमतं ते उगाच नव्हे.)

नृत्य-संशोधक रूथ एशेल यांनी १९९५ मध्ये हैफा विद्यापीठातल्या इथिओपियन विद्यार्थ्यांना घेऊन 'एस्केस्ता' हा नृत्यसंच काढला, २००५ मध्ये 'बेता'. आपल्याला ऐकताना 'बेटा' वाटतं, पण अर्थ आहे घर. पुढे संचाची सूत्रं इथिओपियात जन्मलेल्या देगे फेदेर यांच्याकडे आली. अशा कामात एस्किस्ता जशीच्या तशी उचलून ठेवत नाहीत. तिचे सांधे सुटे करतात. जी थरथर लग्नात क्षणात होऊन जाते ती संथ केली की कळतं, ती खांद्यात सुरूच होत नाही, श्वासात होते. ढोल थांबवला तर तो श्वास मागच्या रांगेपर्यंत ऐकू जातो. ढोल नसणं ही लेखकाला उणीव वाटली. मला वाटतं, ढोल थांबवल्यामुळेच आतली परंपरा उघडी पडते. पांढरे कपडे तर भाड्यानेही मिळतात.

खुद्द इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबातही नर्तक मेलाकू बेलाय हेच खांदे घेऊन जॅझवाल्यांबरोबर नाचतो. लेखात त्याचं नावही नाही.

जाता जाता एक विनंती. लेखासोबतचा फोटो नर्तकींच्या अनवाणी पावलांचा आहे. पुढच्या वेळी जरा वरचा छापा.

– एक वाचक, ठाणे