एकट्या गिऱ्हाइकालाही टेबल हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महिन्यातले दोन रविवार मी डोंबिवलीहून दादरला येते. छबिलदासच्या गल्लीत थोडी खरेदी, जमलं तर फुलं, आणि मग बाहेर जेवण. यजमानांना जाऊन तीन वर्षं झाली. एरवी मी स्वतःपुरतं नीट रांधते, पण रविवारी दुपारी एकटीसाठी कुकर लावायला हात उचलत नाही. मेगाब्लॉक असला तरी मी येते.

गेल्या महिन्यात पश्चिमेच्या एका नावाजलेल्या उपाहारगृहात गेले. दारात वही घेऊन उभ्या असलेल्या मुलाने विचारलं, "किती जण?" मी म्हटलं, "एकटीच." "फॅमिली बसतायत मावशी, जरा थांबा." पाऊण तास थांबले. माझ्यामागून आलेली तीन कुटुंबं आत गेली. चौघांच्या टेबलावर एक माणूस बसवलं की तीन खुर्च्यांचा धंदा जातो, हे मला कळतं. म्हणून मीच म्हटलं, कुणा दोघांच्या टेबलावर बसव. त्यावर तो म्हणाला, "शेअरिंग बंद केलंय. लोकांना आवडत नाही."

त्याचा राग नाही आला, पण ते वाक्य मनाला लागलं.

मी लालबागच्या चाळीत वाढले. आईची खानावळ होती. पंधरा-सोळा गिरणी कामगार, बहुतेक मालवण-देवगडकडचे, पाळीप्रमाणे जेवायला यायचे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. त्या कर्जातून आईने मोठी पातेली घेतली. खोली मात्र तीच, दहा बाय बाराची. आठ पाट मांडले की भिंत लागायची. नववा माणूस दारात दिसला की आई चुलीपाशी बसूनच म्हणायची, "सरका रे जरा." आणि सगळे सरकायचे. कुणी ताट उचलून मांडीवर घ्यायचा. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, गिऱ्हाइकं एकेक करून गावी गेली आणि पाट भिंतीला टेकले ते टेकलेच.

मी आदल्याच वर्षी फोर्टातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले होते. दुपारपाळी सुटायला रात्र व्हायची. बाईमाणसाने एकटीने हॉटेलात खाणं तेव्हा सहजासहजी कुणाला रुचत नसे. इराण्याकडे शिरलं की वेटर न विचारता फॅमिली रूमकडे हात करायचा. प्लायवूडचं पार्टिशन, अर्धं दार, वारा नाही. वर्षभर मी तिथे कोंडल्यासारखी बसून बनमस्का खाल्ला. एका रात्री धीर करून बाहेर संगमरवरी टेबलाशी जाऊन उभी राहिले. तिथे एक पोस्टमन ऑम्लेट-पाव खात होते. त्यांनी वर पाहिलं, बशी आणि पिशवी स्वतःकडे ओढली, म्हणाले, "बस." पुढे एक शब्द बोलले नाहीत. त्या रात्री उठले ती या शहरात कुठेही एकटीने जेवायला मोकळी होऊनच. उडप्याकडच्या राइस प्लेटला तर समोर कोण बसलंय हे कधी पाहिलंच नाही. माटुंग्याला १९४२ पासून चालू असलेल्या रामा नायकांकडे मी अजून जाते. कुपन घ्यायचं, पुकारलं की जागा असेल तिथे बसायचं, केळीच्या पानावर भात वाढून घ्यायचा. एकट्या माणसाला तिथे कमीपणा वाटत नाही.

लोकलमध्ये तिघींच्या बाकावर चौथीला टेकायला जागा देणारं आपलं शहर. संध्याकाळी दमलेली बाईसुद्धा "सरका थोडं" म्हटलं की सरकते. मग जेवणाच्या टेबलावरच लोकांना आवडत नाही, हे ठरवलं कुणी? एकदा विचारून तरी बघावं. शहरात आता किती माणसं एकटी राहतात, म्हातारी तशीच तरुणही! मुलं परदेशी गेलेली, कुणी शिकायला आलेली, कुणी रात्रपाळीची.

हॉटेलमालकांना माझी मनापासून विनंती आहे. एक लांब टेबल एकट्यादुकट्यांसाठी ठेवा. कुणाला सोबत नको असेल, तो थांबेल. थाळी संपत नाही अशांसाठी अर्धी थाळी ठेवा, पैसे पाऊणपट घ्या, आम्ही देऊ. मोबाइलवर मेन्यू वाचणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी मेन्यूचे दोन-चार छापील कागद ठेवा. आणि वहीत ज्याचं नाव आधी, त्याला आधी बोलवा, मग तो एक असो की सात.

त्या दिवशी मी उपाशी परतले नाही. माझ्यामागे एक मुलगी उभी होती, लातूरहून सीएच्या अभ्यासाला आलेली, तीही एकटीच. माझं बोलणं तिने ऐकलं होतं. पुढे होऊन ती त्या मुलाला म्हणाली, "आम्ही दोघी आहोत." पाच मिनिटांत टेबल मिळालं. थालीपीठ वाटून घेतलं, पीयूष दोन मागवले. तिच्या खोलीवर डबा येतो, पण रविवारी रात्री डब्याला सुट्टी असते, म्हणून ती दुपारीच पोटभर जेवून घेते, हे तिने सांगितलं. आता एक रविवार सोडून साडेबाराला आम्ही कबुतरखान्याजवळ भेटतो. दारात "किती जण?" विचारलं की ती माझ्याआधी दोन बोटं दाखवते.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)