बंडीच्या बाभळीचा सरळ पेन

मा. संपादक,

आमच्याकडे बंडी, म्हणजे बैलगाडी, मोडली की तिची जुनी बाभूळ चुलीत जाते. आजोबांच्या बंडीच्या चाकाचा एक आरा मी वाचवला आणि लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, त्याचा पेन केला. लाकडाचे दोन तुकडे, ७ मिलिमीटरचे आरपार भोक, आत पितळी नळी. मधे पोट ठेवलेला पेन सोपा. अगदी सरळ, सडपातळ करायचा तर नळीवर १ मिलिमीटरही लाकूड उरत नाही. पटाशी जराशी बोथट असली की ढलपी उडते, पितळ उघडे पडते. माझे तीन तसेच गेले. चौथा मुलीने बारावीच्या पेपरला नेला. सागापेक्षा बाभळीची तांबूस चमक मला जास्त आवडते. जिल्ह्यातल्या आयटीआयमधले लेथ रविवारी गावच्या पोरांसाठी उघडावेत, ही कळकळीची विनंती.

— एक शेतकरी, जि. वर्धा