काटा हलला, मी हरलो

सातारा,
रविवार, दुपार

प्रिय बाळ्या,

खाली बस आणि हे पत्र वहिनींना मोठ्यानं वाचून दाखव. साक्षीदार हवा. मी हरलो. होस्टेलच्या मेसमधली कुलपाची पैज तू जिंकलास.

आठवतंय ना? काट्यावर पाण्याचं भांडं. जड वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात सोडायची, पण तळाला टेकू द्यायची नाही. आकडा वाढेल का? मी म्हणायचो, कशाला वाढेल? दोरा माझ्या हातात, भार माझ्या हातावर, भांड्याचा काय संबंध? तू आपला एकच धोशा लावलेला, "वाढणार म्हणजे वाढणार." काटा काही मिळाला नाही आणि वाद त्या कुलपासारखाच लोंबकळत राहिला.

परवा हिनं केकसाठी डिजिटल काटा आणला. मला राहवेना. खलबत्त्यातला पितळी बत्ता आधी कोरडाच मोजला, 340 ग्रॅम. मग पाण्याचं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणला आणि बत्ता दोऱ्यानं हळूच सोडला. पुरता बुडाला, तळ अजून चार बोटं खाली, आणि काट्यावर 40! मी दोनदा पुसून पाहिलं. तळाला टेकवून दोरा सैल सोडला, तेव्हा मुकाट्यानं 340.

हे 40 कुठून आले, यावर मी चहा थंड होईपर्यंत बसलो. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठपट जड. म्हणजे 340 ग्रॅमच्या बत्त्यानं 40 मिलिलिटर पाणी बाजूला सारलं, आणि तेवढ्या पाण्याचं वजन 40 ग्रॅम. पाणी बत्त्याला तेवढं वर उचलतं, तर बत्ताही पाण्याला तेवढंच खाली दाबणार. माझ्या हातावर उरले 300. न्यूटनचा तिसरा नियम बारावीला घोकून घोकून पाठ केला होता रे, पण तो पातेल्यालाही लागू पडतो हे कुणी सांगितलं नाही. हिनं फक्त एवढंच विचारलं, "बत्ता धुतला होता का?" पाण्याला वेलदोड्याचा वास येत होता.

पण सगळेच गुण तुला द्यायचे नाहीत. उसाच्या ट्रॉलीवर तू उड्या मारायचास, काटेवाला शिव्या घालायचा, आणि तुला वाटायचं तू वजन चोरतोयस. चोरत नव्हतास. उडी घेताना आकडा वर, हवेत असताना खाली, आपटलास की पुन्हा वर. सरासरी जिथल्या तिथं. पक्ष्यांनी भरलेल्या बंद ट्रकचंही तेच. सगळे उडत राहिले तरी पंखांनी हवा खाली रेटतात, आणि ती हवा ट्रकच्याच तळावर दाबते. जाळीचा ट्रक असेल तर थोडा दाब बाहेरच्या जमिनीवर जाईल, हा मुद्दा माझा होता. विसरू नकोस.

आता जे आपल्या दोघांनाही सुचलं नसतं, ते ऐक. धाकटीच्या वाढदिवसाला गॅसचा फुगा आणला. गाडीत मागच्या सीटला दोरीनं बांधलेला, काचा बंद. पोवई नाक्याजवळ रिक्षा आडवी आली, मी करकचून ब्रेक मारला. आम्ही सगळे पुढे, केकचा डबा पुढे, आणि फुगा मागे! धाकटी म्हणाली, "घाबरून मागे गेला." मला तर आधी भुताटकीच वाटली. मग गवंड्याची लेव्हल बाटली आठवली. पाणी एकीकडे धावलं की बुडबुडा दुसरीकडे सरकतो. गाडीतली हवाही आपल्यासारखीच पुढे झेपावते, पुढच्या बाजूला दाटते आणि तिच्याहून हलक्या फुग्याला मागे सारते. परत येताना मी रिकाम्या रस्त्यावर आणखी तीनदा ब्रेक मारले. हिनं चौथ्यांदा मारू दिला नाही.

मिसळ माझ्याकडून, कटाची जादा वाटी धरून. पण येताना हे कोडं सोडवून ये. गिअर नसलेली साधी सायकल घे. कुणीतरी ती फक्त तोल जाऊ नये इतपत धरायची. एक पायडल अगदी खाली आणायचं, त्याला दोरी बांधायची आणि सायकलच्या मागे उभं राहून ती दोरी मागे ओढायची. सायकल पुढे जाईल की मागे?

माझं उत्तर सोबतच्या चिठ्ठीत आहे, घडी घालून डिंकानं चिकटवलीय. आधी सायकल ओढ, मग चिठ्ठी फाड. वहिनींचं लक्ष आहे तुझ्यावर.

तुझा,
नंद्या