अटॅचमेंट आधी नीट बसू दे, मग प्रोग्राम

राजारामपुरी, कोल्हापूर
रविवार, रात्री

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आणि फर्स्ट लेगो लीग या लेगो रोबोंच्या स्पर्धेसाठी मुलं करतायत त्या सरावाचे तिन्ही व्हिडिओ मिळाले. सकाळी दहापैकी नऊ वेळा जमणारं मिशन, म्हणजे टेबलावर रोबोने करायचं काम, संध्याकाळी दहापैकी चारच वेळा का जमतं, आणि प्रोग्राममधला कुठला आकडा बदलायचा, असं तू विचारलंयस. एकही आकडा बदलू नकोस. आधी ती अटॅचमेंट, म्हणजे त्या कामासाठी रोबोवर लावलेली जोडणी, काढून हातात घे आणि रोबोवर ती बसते कशी, ते बघ.

उद्यमनगरातल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये गेलास तर हे डोळ्यांना दिसेल. ड्रिलिंगचा जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, फिक्स्चरमध्ये (तो पक्का धरणाऱ्या चौकटीत) ठेवताना तो खाली तीन ठिकाणी, बाजूला दोन ठिकाणी आणि टोकाला एका ठिकाणी टेकवतात. ही सहा ठिकाणं टेकली की जॉबला सरकायला किंवा फिरायला वावच उरत नाही. क्लॅम्प मग नुसता धरून ठेवायचं काम करतो. रोबो म्हणजे फिक्स्चर आणि अटॅचमेंट म्हणजे जॉब, असं मुलांना सांग. आपल्या गावातल्या पोराला हे एका वाक्यात कळतं.

तुमची अटॅचमेंट चार काळ्या पिनांवर दाबून बसवली आहे. काळी पिन घर्षणाची असते, तिला जोर लागतो. घाईत एखादी अर्धीच आत जाते, फ्रेम एका कोपऱ्यात मिलिमीटरभर उचललेली राहते आणि ते कुणाला दिसतही नाही. शिवाय पिना दाबताना रोबो जागचा सरकतो, वेळ जातो तो वेगळाच. मॅच अडीच मिनिटांची, म्हणजे 150 सेकंद. सहा रन, म्हणजे रोबोच्या सहा फेऱ्या, असतील तर अटॅचमेंट पाच वेळा बदलायची. प्रत्येक बदलाला आठ सेकंद लागले तर 40 सेकंद त्यातच गेले. चार सेकंदांत जमवलं तर 20 सेकंद परत मिळतात, आणि तेवढ्यात एक छोटं मिशन होतं.

म्हणून पिना काढून टाका. रोबोच्या वरच्या बाजूला बीमची (लेगोच्या भोकं असलेल्या पट्ट्यांची) एक चौकट करा, चारही बाजूंनी बंद. अटॅचमेंटच्या तळाला त्या चौकटीत उतरणारी दुसरी चौकट करा. वरून सोडली की स्वतःच्या वजनाने बसली पाहिजे, उचलली की निघाली पाहिजे. लेगोच्या भोकांमधलं अंतर 8 मिमी आणि बीमची रुंदी त्याहून किंचित कमी, त्यामुळे आत उतरण्यापुरती सैलाई आपोआप मिळते. पण ती सैलाई दरवेळी एकाच बाजूला जायला हवी. बसवल्यावर बोटाने मागे आणि डावीकडे हलकं ढकलायचं, ही सवय मुलांच्या हातात बसू दे. तोच तुमचा झिरो, म्हणजे दरवेळची पक्की सुरुवातीची जागा.

आता मोटरचं. चार मोटरींपैकी दोन चाकांना गेल्या की अटॅचमेंटसाठी दोनच उरतात. त्या दोन्हींची टोकं चौकटीच्या आत गिअर लावून उघडी ठेवा. अटॅचमेंटचा गिअर वरून येऊन त्यात गुंततो. 12, 20 किंवा 36 दातांचे दोन्हीकडून उतरते असलेले गिअर इथे बरे, ते अडत नाहीत. दोन गिअरच्या मध्यांमधल्या अंतराचा हिशेब सोपा आहे: गिअरला जितके दाते, तितक्या मिलिमीटरचा त्याचा कामाचा व्यास. 12 आणि 20 ची बेरीज 32, तिचं निम्मं 16 मिमी, म्हणजे बरोबर दोन भोकं. 12 आणि 36 चं निम्मं 24, म्हणजे तीन भोकं. 8 ला 24 लावलात तरी दोनच भोकं येतात, पण 8 दातांच्या गिअरवर भार टाकू नका, तो लवकर सुटतो.

तुमच्या व्हिडिओत उचलताना जो 'कट-कट' आवाज येतो, तो दाते घसरल्याचा आहे. भार आला की गिअर एकमेकांना बाजूला ढकलतात. तुमच्या अटॅचमेंटची एखादी पिन अर्धीच बसलेली, त्यामुळे ती वर उचलली जाते आणि दाता निसटतो. मुलं म्हणतात, मोटरचा स्पीड कमी करू. त्याने फक्त आवाज कमी होईल. नव्या चौकटीत गिअरच्या बरोबर वर वजन यायला हवं, किंवा चौकटीच्या मागच्या कडेखाली जाणारा एक हुक हवा: आधी मागचा हुक अडकवायचा, मग पुढची बाजू खाली सोडायची. आणि प्रत्येक ॲक्सलला (गिअर ज्यावर फिरतो त्या दांड्याला) दोन्ही बाजूंनी बीमचा आधार हवा. एकाच बाजूने धरलेली ॲक्सल वाकते, आणि ती वाकली की गिअर दूर गेलाच.

जोराचा हिशेब मुलांकडूनच करून घे. स्पाइकची (तुमच्या लेगो रोबो संचाची) मोठी मोटर साधारण 8 न्यूटन-सेंटिमीटर टॉर्कवर, म्हणजे फिरवायच्या जोरावर, चांगली चालते. हात 16 सेंमी लांब असेल तर टोकाला अर्धा न्यूटन, म्हणजे जेमतेम 50 ग्रॅम उचलायची ताकद. मधली मोटर 3.5 वर बरी चालते, तिचा हिशेब 22 ग्रॅमवर येतो. अडेपर्यंत दाबली तर दोघीही जास्त ओढतात, पण रोज त्या हद्दीवर काम करून घेऊ नये. मोटरवर 12 आणि हातावर 36 दाते लावले की जोर तिप्पट, वेग एक तृतीयांश. पडू न देता उचलून धरायचं असेल तर वर्म गिअर (स्क्रूसारखा आटे असलेला) वापरा. 24 दातांच्या गिअरबरोबर तो 24 पट कमी वेगाने फिरवतो आणि भार उलटा येऊन त्याला फिरवू शकत नाही. मात्र तो इतका सावकाश चालतो की मॅचमध्ये एकापेक्षा जास्त ठिकाणी परवडत नाही.

खरं तर निम्म्या मिशनना मोटर लागतच नाही. वस्तू गोळा करून होममध्ये, म्हणजे टेबलावरच्या आपल्या जागेत, आणायची असेल तर उंदराच्या सापळ्याचं दार आठव. एक बीम वरून लोंबता ठेवायचा, करड्या, बिनघर्षणाच्या पिनेवर, टिचकीने फिरेल असा. त्याच्या आतल्या बाजूला जागा मोकळी, बाहेरच्या बाजूला एक आडवा स्टॉपर. रोबो पुढे गेला की वस्तू दार ढकलून आत येते. मागे आला की दार स्टॉपरला अडतं आणि वस्तू आतच राहते. इथे चुकून काळी पिन लागली तर दार उघडंच राहतं, सापळा फसतो. ही पिन रोज तपासायला लावा.

दांडी पकडायच्या हाताला तोंड रुंद द्या. रोबोचा कोन 1 अंशाने चुकला तर एक मीटर पुढे गेल्यावर तो साडेसतरा मिमी बाजूला पडतो. दांडी 8 मिमी जाड आणि हाताचं तोंड 40 मिमी रुंद असेल तर दोन्ही बाजूंना 16 मिमीची चूक खपते. व्हीच्या आकाराचे दोन बीम पुढे लावायचे, दांडी घसरत घसरत आपोआप मध्ये येते. तुमच्या हाताचं तोंड फक्त तीन भोकांचं आहे, म्हणजे 24 मिमी. संध्याकाळचे सहा चुकलेले रन बहुतेक तिथेच गेले.

प्रोग्राम आता. 56 मिमीचं चाक एका फेऱ्यात 175.9 मिमी जातं, म्हणजे 600 मिमीला 1228 अंश. पण हे गणित फक्त सुरुवातीला, खरा आकडा टेबलावर अंथरलेल्या मॅटवर मोजून घालायचा. सरळ जायला जायरो, म्हणजे वळण मोजणारा सेन्सर: हवा असलेला कोन वजा आत्ताचा कोन, त्याला दोनने गुणून स्टीअरिंगला द्यायचं. रोबो नागमोडी जायला लागला तर गुणक कमी करा, वळायला आळस केला तर वाढवा. पायथॉनमध्ये हबचा (रोबोच्या कंट्रोलरचा) कोन अंशाच्या दहाव्या भागात येतो, 90 अंश म्हणजे 900, हे विसरलं की रोबो गरगर फिरतो. हब चालू करताना रोबोला हात लावायचा नाही, जायरो तेव्हा स्वतःला स्थिर करतो. आणि रनचं बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून मगच कोन शून्य करा. बोट काढताना रोबो हलतो, आणि ती हालचाल शून्यात मोजली गेली की पुढचं सगळं तिरकं.

हाताच्या मोटरला 'इतके अंश फिर' असं सांगून सोडू नका. दांडी अडली तर मोटर तिथेच झगडत राहू शकते आणि प्रोग्राम अडकू शकतो. कमी ताकदीवर पाऊण सेकंद चालव, असं सांगणं सुरक्षित. प्रत्येक रनच्या सुरुवातीला हात हळूच स्टॉपरला टेकवा आणि तिथे अंश शून्य करा. गिअरमधला प्ले, म्हणजे दात्यांमधली ढिलाई, त्यामुळे एकाच बाजूला जातो. तो प्ले किरकोळ वाटतो, पण 12 सेंमीच्या हाताला 3 अंश ढिलाई असेल तर टोक 6 मिमी खाली-वर होतं.

सगळे रन एकाच प्रोग्राममध्ये ठेवा, डाव्या-उजव्या बटणाने नंबर निवडायचा, हबच्या दिव्यांवर तो दिसला पाहिजे. गडबडीत चुकीचा रन सुटणं यानेच थांबतं.

टेबलाबद्दल. 8 बाय 4 फुटांचं प्लाय आणि कडेने 38 मिमी जाडीची पट्टी लावली की आत 2362 बाय 1143 मिमी जागा उरते, हेच माप आहे. सुताराला कोपरे काटकोनात हवेत हे दोनदा सांग. मॅट दक्षिणेच्या भिंतीला टेकवून अंथरायची असते, म्हणून रोबो सरळ करायला शक्यतो तीच भिंत वापरा. बाकीच्या भिंतींपासून मॅट किती दूर आहे, हे टेबलागणिक बदलतं. मॅटवरची धूळ रोज पुसा, चाकंही ओल्या फडक्याने. सकाळ-संध्याकाळच्या फरकात धुळीचा वाटा मोठा असतो, आणि उरलेला बॅटरीचा. स्पीड 50-60 टक्क्यांवर ठेवलात तर बॅटरी थोडी उतरली तरी मोटर तो सांभाळते. शंभरवर ठेवलात तर नाही.

दहा रन घ्या आणि प्रत्येक वेळी हात दांडीपासून किती मिमी आणि कुठल्या बाजूला गेला ते वहीत लिहा. दहाही एकाच बाजूला चुकले तर आकडा चुकलाय, प्रोग्राम बदला. इकडे-तिकडे विखुरले असतील तर प्रोग्रामला हात लावू नका. चौकट, प्ले, चाक, सुरुवातीची जागा, या क्रमाने शोधा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आणखी एक. कुणी पालक प्रेमाने म्हणेल, माझ्या शॉपमध्ये ॲल्युमिनियमचा हात मिलिंग करून देतो. नम्रपणे नको म्हण. सगळे भाग लेगोचेच लागतात, थ्रीडी प्रिंट, टेप, गोंद काही चालत नाही. सगळं सामान एका लॉन्च एरियात (रोबो जिथून सोडतात त्या जागेत) 305 मिमी उंचीच्या आत मावलं तर तपासणीचे 20 गुण मिळतात, म्हणून उंच अटॅचमेंट टाळा. आणि तुझे हात पाठीमागे ठेव, दिलीप. परीक्षक मुलांनाच विचारणार आहेत, हा गिअर इथे का. उत्तर त्यांच्या बोटांनी शोधलेलं असलं की ते अडखळत नाहीत.

पुढच्या रविवारपर्यंत चौकटीचा फोटो खालून आणि बाजूने काढून पाठव, शेजारी पट्टी ठेवून. आणि वहीतले दहा आकडे. वहिनींना नमस्कार, चिंटूला आशीर्वाद.

तुझा,
बाळू