फ्रान्सिस मूळचा इटलीचा

संपादक महोदय,

फ्रान्सिस हे नाव आपल्याकडे अनेकांना इंग्रजी वाटते. ते आले इटलीतून. असिसीचा कापडव्यापारी पिएत्रो दी बेर्नार्दोने फ्रान्सला गेला असताना घरी मुलाचा बाप्तिस्मा ‘जोव्हान्नी’ नावाने झाला. परतल्यावर बापाने त्याला ‘फ्रांचेस्को’, म्हणजे फ्रान्सवाला, म्हणायला सुरुवात केली, असे चरित्रकार सांगतात. याच पोराने पुढे घरची संपत्ती नाकारताना बिशपसमोर अंगावरचे कपडेसुद्धा बापाला परत केले! १२२८ मध्ये त्याला संतपद मिळाले आणि नाव पसरले: स्पेनमध्ये फ्रान्सिस्को, जर्मनीत फ्रान्झ, खुद्द फ्रान्समध्ये फ्रांस्वा. जुन्या गोव्यातले झेवियर याच नावाचे, आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, वसईचे फादर दिब्रिटोही. पोपने मात्र हे नाव घ्यायला २०१३ साल उजाडावे लागले.

– एक वाचक, वसई