टस्कीगीच्या विटा

संपादक महाशय,

कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज कार्व्हर यांच्यावरचा रविवारचा लेख वाचला. छान आहे, पण त्यातले टस्कीगी (अमेरिकेच्या अलाबामा राज्यातली कृष्णवर्णीयांची शाळा) म्हणजे प्रयोगशाळा आणि भुईमूग, एवढेच. कार्व्हर तिथे आले 1896 मध्ये. शाळा 1881 ची. मधली पंधरा वर्षे मला जास्त जवळची, कारण ती विटांची आहेत आणि माझा जन्म बांधकामावर गेला.

अलाबामा राज्याने शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला 2,000 डॉलर मंजूर केले होते. जागा आणि इमारतीसाठी छदामही नाही. शाळेचे पहिले प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी उसनवारी करून 500 डॉलरचा ओसाड मळा घेतला आणि मुलांना वीट पाडायला लावले. गुडघाभर चिखलात तासन्‌तास उभे राहायचे! आम्ही पुस्तके शिकायला आलो, म्हणत काहीजण शाळा सोडून गेले. पहिली भट्टी फसली, दुसरी फसली. तिसरी आठवडाभर जळत राहिली आणि ऐन शेवटी मध्यरात्री ढासळली. पैसा संपला होता. वॉशिंग्टन यांनी माँटगोमेरीला जाऊन आपले घड्याळ 15 डॉलरला गहाण टाकले. चौथी भट्टी जमली. (घड्याळ मात्र कधी सुटले नाही.) पुढे शाळेबद्दल काडीची आस्था नसलेले गोरे शेजारीही विटा न्यायला येऊ लागले.

मुलीकडे अटलांटाला गेलो होतो तेव्हा मुद्दाम टस्कीगीला जाऊन आलो. वॉशिंग्टन यांचे घर, ‘द ओक्स’, अजून उभे आहे. विटा विद्यार्थ्यांच्या, नकाशा रॉबर्ट टेलर यांचा. हे टेलर 1892 मध्ये एमआयटीतून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय. लेखात त्यांचे नावही नाही. मी सवयीने भिंतीचे सांधे न्याहाळत होतो, तर जावई म्हणाला, “बाबा, दुरुस्ती काढताय का?”

वॉशिंग्टन यांनी हाताच्या कामापुढे मतदानाचा हक्क मागे ठेवला, ही कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांची 1903 मधली टीका मला पटते. अलाबामाच्या 1901 च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचे मत जवळजवळ काढूनच घेतले, आणि पक्क्या विटांनी ते परत आले नाही. तरीही ‘मजूर घडवणारी शाळा’ म्हणून टस्कीगीला निकालात काढणाऱ्यांशी माझे जमत नाही. चिखल तुडवणारा पोरगा आणि एमआयटीचा पदवीधर तिथे एकाच भिंतीसाठी राबत होते, आणि दोघेही कृष्णवर्णीय होते.

टेलर 1942 मध्ये स्वतःच आराखडा केलेल्या टस्कीगीच्या चॅपेलमध्ये (प्रार्थनागृहात) कोसळले, त्यातच गेले. ते चॅपेलही 1957 मध्ये जळाले. पुढच्या वेळी टस्कीगीवर लिहाल तेव्हा त्यांचे चित्र छापावे, ही विनंती. अमेरिकी टपाल खात्याने 2015 मध्ये त्यांचे तिकीट काढले आहे, तेही चालेल.

– एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक